कानाचं येणं

बँकेतून नम्रता निघाली ती घरी न जाता थेट खाणीवर गेली. पालीच्या वर सड्यावर, उघड्या कातळाच्या पठारावर, ही चिऱ्याची खाण. एप्रिलच्या दुपारी तिथे उभं राहणं म्हणजे तव्यावर उभं राहणं. कापणीचं मशीन रुळांवरून सरकत होतं, पात्याखालून लाल धूळ उडत होती आणि तिचा सासरा रावजी कापलेल्या ओळीत पहार घालून एकेक चिरा उचकटून काढत होता. साठी उलटलेला माणूस, पण पहारीवर असा पडायचा की दगडाशी त्याचं जुनं वैर असावं. नम्रताला बघून त्यानं तोंडावरचं फडकं खाली ओढलं. मशीनच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून दोघं पाण्याच्या टाकीमागे गेली.

कर्ज अडलं, असं तिनं सांगून टाकलं.

कर्ज कसलं, तर काजूच्या कारखान्याचं. कारखाना हा आपला म्हणायचा शब्द. पत्र्याची शेड, बी कापायची यंत्रं, वाफेची टाकी आणि गर सुकवायची भट्टी, एवढाच पसारा. लग्न होऊन आल्यापासून नम्रता दुसऱ्याच्या कारखान्यात बी सोलत होती. काजूच्या सालीतला चीक हात जाळतो. तिच्या बोटांची कातडी इतक्यांदा सोलून गेली होती की रेशनच्या यंत्रावर तिचा अंगठा उठत नसे, आणि दुकानदार तिला बिनअंगठ्याची म्हणून चिडवायचा. आता सरकारी योजनेत तिचं नाव लागलं होतं. बँकेनं हात दिला की शेड उभी राहणार होती. पण बी याच दिवसांत घ्यावी लागते. मे सरला की बी व्यापाऱ्यांच्या गोदामात जाते, आणि योजना पुढच्या वर्षी असेल की नसेल ते कुणी सांगावं?

सगळे कागद झाले होते. सह-कर्जदार म्हणून तिनं नवऱ्याचं, संदेशचं, नाव दिलं होतं. बँकेच्या साहेबांनी त्याच्या जुन्या कर्जांचा रिपोर्ट काढला आणि संगणक तिच्याकडे फिरवला. टेम्पोचं जुनं कर्ज, आणि पुढे शेरा: राइट-ऑफ. नम्रताला वाटलं, म्हणजे माफ. साहेब हसले. माफ नाही, म्हणाले, कंपनीनं तुमची आशा सोडली एवढाच त्याचा अर्थ. कंपनीकडे जा आणि खातं बंद करून घ्या. वर त्यांनी बजावलं, की कागदावर ‘सेटल्ड’ लिहून देतील, ते घेऊ नका, ‘क्लोज्ड’ लिहून आणा. तिला नवल वाटलं. आमच्याकडे मुंबईत ज्याची खोली झाली, बायको आली, तो सेटल झाला असं कौतुकानं म्हणतात. बँकेच्या भाषेत सेटल म्हणजे तोडपाणी करून सुटलेला लबाड. शब्दसुद्धा शहरात गेले की बिघडतात.

रावजीनं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावरची धूळ मनगटानं पुसली.

“गाडी तर ओढून न्हेली ना त्यांनी? आणि मिटलं पण. देवीसमोर मिटलंय त्ये.”

मिटलं होतं ते असं. सात-आठ वर्षांपूर्वी संदेशनं एका फायनान्स कंपनीकडून टेम्पो घेतला. हप्ते थकले. वसुलीवाले दारात आले तेव्हा संदेश परसातून पळाला, आणि टेम्पोच्या दाराला धरून उभी राहिली ती त्याची आई, जनी. वसुलीवाल्यांचा पुढारी होता शेजारच्या वाडीतला रेवाळे. त्यानं जनीला ढकललं. तिचं डोकं जोत्याच्या चिऱ्यावर आपटलं. रावजी मागच्या बाजूनं आला, भिंतीला टेकवलेला टिकावाचा दांडा उचलला आणि रेवाळेच्या डाव्या कानावर हाणला. रेवाळे शेणकीत, शेणाच्या खड्ड्यात, जाऊन पडला. कानातून रक्त मानेवर आलं, मानेवरून शर्टात गेलं. मग बाकीच्यांनी रावजीला अंगणात लोळवून लाथा घातल्या, त्याच्या बरगड्या मोडल्या, आणि टेम्पो नेला.

दोन्हीकडून पोलिसांत लिहून झालं. पुढच्या शिमग्यात देवीची पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या दगडी चौथऱ्यावर, बसली तेव्हा गावकऱ्यांनी दोघांना पुढे ओढलं. दोन्ही वाड्यांची देवी एकच. रावजीनं चुकीच्या कबुलीचा नारळ सहाणेवर ठेवला, चुकलो म्हणाला. रेवाळेनं नारळ उचलला आणि सगळ्यांदेखत बोलला, माझं आता काही येणं नाही. आमच्याकडे असा नारळ उचलला की भांडण संपतं. पुन्हा ते उकरणाऱ्याला देवी बघून घेते. तेव्हा गाडी गेली, कानाचा नारळ झाला, सगळं फिटलं, अशीच घरातल्या सगळ्यांची समजूत होती. संगणकाला मात्र देवी ठाऊक नव्हती.

दुसऱ्या दिवशी नम्रता रत्नागिरीला गेली. नवऱ्याला नेण्यात अर्थ नव्हता. तो जयगड बंदरावर ट्रेलर चालवायचा, आठवडा आठवडा घरी यायचा नाही, आणि आला तरी शुद्धीत असेलच असं नाही. मारुती मंदिराच्या पुढे एका दुकानावरच्या मजल्यावर कंपनीचं ऑफिस होतं. जुन्या थकलेल्या खात्यांचा साहेब कोण म्हणून विचारलं तर शिपायानं काचेची खोली दाखवली, आणि आत रेवाळे.

माणूस फुगला होता. बोटात अंगठ्या आल्या होत्या. तिनं बोलायला सुरुवात केली तशी त्यानं मान वळवून उजवा कान पुढे केला, तेव्हा तिला कळलं की डावा गेलेलाच आहे. अडला हरी गाढवाचे पाय धरी. तिनं भाऊ भाऊ करत सगळं सांगितलं. गाडी तुम्ही नेलीत, विकलीत. गाडीच्या किमतीत मुद्दल वसूल झालं असणार. उरलं ते व्याज आणि दंड. तेवढं सोडा आणि खातं बंद करून द्या.

रेवाळेनं खातं उघडून बघितलं. तिचा हिशेब बरोबर होता, तो त्यानं मान्यही केला. सेटलमेंटचं पत्र आता देतो, म्हणाला. तिनं सेटलमेंट नको म्हणून सांगितलं. मग तो मागे रेलून बोलू लागला. क्लोज्ड हवं तर वरून मंजुरी काढावी लागते, ती मी काढू शकतो, पण का काढावी? नम्रतानं नारळाची आठवण दिली. ते ऐकून तो हसला नाही, चिडलाही नाही. अगदी सरळ बोलला.

“नारळ देवीला मिळाला. मला काय मिळालं? पोरगी बोलते ती ह्या कानानं ऐकू येत नाय मला. म्हाताऱ्याला घेऊन ये. एक कानफटात देणार. तेवढं झालं की क्लोज्ड.”

तिला वाटलं, थट्टा करतोय. तो थट्टा करत नव्हता. त्यानं टेबलावरची बेल वाजवून पुढच्या माणसाला आत बोलावलं.

घरी येऊन तिनं ते लपवलं नाही. लपवायला हवं होतं की नको, हे तिला आजही कळत नाही. जनी चुलीवर भाकरी टाकत होती. ती म्हणाली, रेवाळेचा दुसरा पण कान फोडायला हवा होता तेव्हाच. नकोच तो कारखाना, असं म्हणून नम्रतानंच विषय बंद करायला बघितला. पण नको म्हणताना तिचा आवाज मनापासूनचा नव्हता आणि तो रावजीनं ओळखला. सकाळी त्यानं खाणीवर खाडा सांगितला, धुतलेला सदरा घातला आणि बाहेर येऊन चपला शोधू लागला.

“एकच बोललाय ना?” त्यानं विचारलं.

“एकच. पण बाबा, नको. खरंच नको.”

“तुजे हात बघतंय मी रोज. जेवताना मीठ लागलं की तोंड वाकडं करतंस. चल.”

रेवाळेनं त्यांना वर बोलावलं नाही. तोच खाली आला. इमारतीच्या मागे पत्र्याचं कुंपण घातलेली जागा होती, तिथे ओढून आणलेल्या गाड्या उभ्या होत्या. मोटारसायकली, रिक्षा, एक मासळीचा टेम्पो, कुणाच्या हँडलला अजून पूजेचा हार. वसुलीची चार पोरं गाड्यांवर बसून तंबाखू मळत होती. रेवाळेनं पत्र छापून, सही-शिक्का करून आणलं होतं. ते त्यानं आधी नम्रताला वाचायला दिलं. क्लोज्ड. कसलंही येणं नाही. एवढी सचोटी त्याच्यात होती म्हणायची. मग पत्र परत घेऊन वरच्या खिशात ठेवलं आणि घड्याळ काढून एका पोराकडे दिलं. अंगठ्या काढल्या नाहीत.

रावजी हात खाली सोडून उभा राहिला. आयुष्यभर चिरे उचललेले ते हात; मनात आणलं असतं तर रेवाळेला त्यानं कुंपणावर फेकला असता. रेवाळेनं तळहात थोडा वाकवला, अंग मागे नेलं आणि रावजीच्या डाव्या कानावर मारलं. रावजी बाजूच्या मोटारसायकलवर कोलमडला, ती गाडी दुसरीवर पडली, दुसरी तिसरीवर. पोरं हसली. तो उठला. टोपी उचलून झटकली, डोक्यावर ठेवली, आणि झालं असं समजून पत्रासाठी हात पुढे केला.

“ही मुद्दलाची,” रेवाळे म्हणाला. “आता व्याज.”

नम्रता मध्ये धावली, पण एका पोरानं तिचा दंड पकडून तिला रिक्षावर दाबून धरलं. रावजीची उजवी मूठ वळली. ती मूठ त्यानं डाव्या हातात धरली, तसाच उभा राहिला आणि तोंड पुढे केलं. दुसरी पहिलीपेक्षा जोरात होती. अंगठीनं कानाची पाळी फाटली. रावजी गुडघ्यावर बसला, धुळीत, आणि त्याच्या तोंडातून लाळ गळली. रेवाळेनं हात पँटला पुसला. पत्र त्यानं खाली टाकलं, ते नम्रतानं धुळीतून उचललं. खरं सांगायचं तर ते हातात आलं त्या क्षणी तिला आनंद झाला. आणि लगेच त्या आनंदाची अशी किळस आली की ती तिथेच कुंपणाला धरून ओकली.

एसटीत रावजीनं फडकं कानाला धरून ठेवलं होतं. कानाच्या आत मशीन चालू आहे, एवढंच म्हणाला. घरी आल्यावर ताप भरला. जनीनं हळद-तेल गरम करून पाळीला लावलं आणि रेवाळेच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. नंतर तिनं नम्रताला पण सोडलं नाही. तुझ्या कारखान्यापायी माझ्या माणसाला मार खायला नेलंस, असं ती दोन दिवस येता-जाता बोलली, आणि नम्रता ऐकून घेत राहिली.

वसुलीच्या एका पोरानं मोबाइलवर सगळं टिपलं होतं. पालीच्या बाजारात ते फिरलं, तिथून जयगडला गेलं आणि ट्रेलरवाल्यांनी संदेशला दाखवलं. तुझा बाप बघ कसा मार खातोय. तो त्याच दिवशी घरी आला. दिवेलागणीची वेळ होती, नम्रता पडवीसमोर वाळत घातलेली बी गोळा करत होती. जो त्या दिवशी परसातून पळाला होता त्याला आज बापाची अब्रू आठवली होती. शरमेला वाट मिळाली नाही की ती हातातून बाहेर पडते, आणि घरात बायकोचं अंग जवळच असतं.

त्यानं कमरेचा पट्टा काढला. बापाला विकलंस, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. पहिला फटका पाठीवर बसला. दुसऱ्याला तिनं हात वर केले, तर पट्ट्याचं बक्कल कोपरावर लागलं. बी अंगणभर सांडली. तिचा पाय बियांवरून घसरून ती पडली, तसा त्यानं तिला केसाला धरून पुन्हा उभी केली, आणि बक्कल या वेळी डोळ्याखाली बसलं. ती ओरडली. शेजारचे लोक दारात येऊन उभे राहिले. नवरा-बायकोच्या मध्ये कोण पडणार, म्हणून तिथेच उभे राहिले.

जनी स्वयंपाकघरातून आली. दोन दिवस सुनेला शिव्या देणारी ही बाई. तिच्या हातात चुलीतलं जळतं लाकूड होतं. पट्टा धरलेल्या हाताच्या मनगटाच्या वर तिनं ते लाकूड टेकवलं आणि दाबून धरलं. केस आणि कातडी जळल्याचा वास आला. संदेश किंचाळत मागे सरला, आईकडे बघत राहिला. जनीनं लाकूड पुन्हा पुढे केलं.

“पळ,” ती म्हणाली. “तुला येतं त्ये.”

तो गेला. पट्टा अंगणातच राहिला.

मग जनीला नवऱ्याचा राग आला. घरात सुनेला मारतायत आणि हा पुरुष पडवीत भिंतीकडे तोंड करून झोपलाय. तिनं जाऊन त्याला गदागदा हलवलं. रावजी दचकून उठून बसला. बायकोच्या हातात जळतं लाकूड, सुनेच्या तोंडावर रक्त. तो एकीकडून दुसरीकडे बघू लागला.

“काय झालं गो?”

तो उजव्या कुशीवर झोपला होता. चांगला कान उशीत होता, आणि वरच्या कानात काहीच शिरलं नव्हतं. तेव्हा तिघांनाही समजलं. रत्नागिरीच्या डॉक्टरनं नंतर तपासून तेच सांगितलं, पडदा फाटलाय, या वयात भरून येईल याची खात्री नको.

डोळ्याखालचं काळं पिवळं पडायच्या आत नम्रता बँकेत गेली. या वेळी रावजी आणि जनी दोघंही बरोबर होती. पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून रावजीनं ते सदऱ्याच्या आत ठेवलं होतं. बँकेच्या दारापर्यंत त्यानं ते कुणाच्या हातात दिलं नाही. आत एवढी माणसं कशाला, म्हणून तो पत्र सुनेकडे देऊन बाहेरच्या बाकावर बसला.

साहेबांनी पत्र वाचलं, तिच्या तोंडाकडे बघितलं आणि नजर पुन्हा पत्रावर नेली. पत्र चांगलं आहे, म्हणाले, पण रिपोर्टमध्ये हे चढायला महिना तरी जाईल, आणि मिस्टरांची सही लागेल, ते कुठे आहेत?

“त्यांचं नाव काढा,” नम्रता म्हणाली.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग दुसरं कुणीतरी द्यावं लागेल, घरात कमावतं कोण, जमीन कुणाच्या नावावर, असं ते विचारू लागले. जनी मागे पदर सावरत उभी होती. ती पुढे आली. माझं नाव लावा, म्हणाली. तिच्या नावावर काय आहे, असं साहेबांनी जरा सवयीनंच विचारलं. जनीनं सांगितलं: काजूची बाग. भाऊ नव्हता तिला. बापानं जाताना तिच्या नावावर केलेली, माहेरच्या गावात, नम्रता दरवर्षी जिथली बी आणते तीच. सातबारा तिच्या एकटीचा आहे. साहेबांनी तिचा आधारचा नंबर घेतला, संगणकावर बघितलं. तिथे काहीच नव्हतं. जनीनं जन्मात कुणाकडून काही घेतलं नव्हतं.

“अहो, मग हेच नाव पहिल्यांदा द्यायचं ना,” साहेब म्हणाले. “बाग तारण चालली असती. मिस्टरांच्या रिपोर्टला हात लावायचीच गरज नव्हती. हे पत्रही नको होतं.”

त्यांनी पत्र परत दिलं. आठवड्यात मंजुरी देतो, असं पण म्हणाले. नम्रता ते ऐकत होती आणि ऐकत नव्हती. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, सह-कर्जदार कोण, आणि तिनं नवऱ्याचं नाव सांगितलं होतं. नवरा असताना सासूचं नाव कोणती बाई सांगते? साहेबांनी पुढे विचारलं नाही, तिच्या मनात आलं नाही, जनीच्याही आलं नाही. एवढीशी गोष्ट. तिनं सासूकडे बघितलं. जनीला सगळं कळलं होतं. ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती.

दोघी बाहेर आल्या. रावजी बाकावरून उठला. नम्रताच्या हातातलं पत्र बघून तो लगबगीनं पुढे आला.

“काय बोलले सायेब? कागद चालला?”

ती त्याच्या डाव्या बाजूला होती. चालला, असं ती म्हणाली ते त्याला ऐकू गेलं नाही, त्यानं पुन्हा विचारलं. तेव्हा ती वळसा घालून उजव्या बाजूला गेली, त्याच्या कानाशी तोंड नेलं.

“चालला, बाबा. कागद होता म्हणून कर्ज झालं.”

रावजी हसला. त्यानं पत्र तिच्याकडून घेतलं, पिशवीत घातलं, पिशवीची घडी केली आणि पुन्हा सदऱ्याच्या आत ठेवली.

“मंग एका कानात भागलं म्हणायचं,” तो जनीला म्हणाला. “सवस्तात सुटलो गो.”

जनी पदराचा बोळा तोंडात धरून पालीची गाडी लागलीय का ते बघायला रस्त्याकडे गेली.